आईचा हानुनिम

त्या वर्षीची किमची, हिवाळाभर पुरायचं कोबीचं तिखट लोणचं, आम्ही दहा दिवस आधीच घालायला घेतली. सासूबाई बर्फ पडेपर्यंत टिकतील असं कोणाला वाटत नव्हतं, आणि घरात सुतक असताना दीडशे कोबी कोण धुणार, असं जाऊबाईंचं म्हणणं. म्हणाल्या ते बरोबरच होतं. त्यांचं नेहमीच बरोबर असायचं, तोच तर आम्हांला त्यांचा जाच होता.

रात्रभर मिठात मुरलेले गड्डे आम्ही अंगणात धूत होतो. पाणी इतकं गार की बोटं आपलीच आहेत की नाहीत हे बघून खात्री करावी लागे. तेवढ्यात फाटकातून सुनरे वन्सं आल्या, डोक्यावर सुक्या मासळीचं गाठोडं. सात वर्षांनी माहेरच्या अंगणात पाय ठेवत होत्या.

"आहे ना अजून?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"आहेत. झोपल्यात," मी म्हणाले.

"बरं झालं. गेल्यावर आले असते तर या घरात मला वाकूही दिलं नसतं."

जाऊबाईंनी मान वर केली नाही. सात वर्षांपूर्वी मामंजी गेले तेव्हा वन्संनी प्रेतापुढे गुडघे टेकले आणि थोरल्या भावजींनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या दादानं, चारचौघांत त्यांना दंडाला धरून उठवलं. मेलेल्यांपुढे वाकायचं नाही, हा चर्चचा नियम. हे दोग्यू भावजी चर्चमधले वडील होते, म्हणजे मंडळीनं निवडलेले कारभारी. पाळकांच्या खालोखाल त्यांचा शब्द. घरात त्यांच्यावर कोणाचाच शब्द नव्हता. वन्सं त्याच दिवशी जेवण न घेता निघून गेल्या होत्या.

आता त्यांनी गाठोडं उतरवलं, बाह्या वर केल्या आणि कोणी न सांगता तिखटाच्या परातीपाशी बसल्या.

"लसूण कमी आहे," म्हणाल्या.

"आईंना तिखट लसूण सोसत नाही आता," जाऊबाई म्हणाल्या.

"आई ही किमची खाणार आहे का, वहिनी?"

जाऊबाईंनी पुढचा गड्डा परातीत ओढला. खरं तर सासूबाईंना पेजेचे चार चमचेही जात नव्हते.

माझे यजमान म्योंग्यू गड्ड्यांच्या टोपल्या आणून ओतत होते. गावच्या शाळेत शिकवायचे. सुट्टी काढून घरी राहिले होते. बहिणीला सगळी हकीकत त्यांनीच सांगितली. रविवारी सासूबाईंनी सगळ्यांना जवळ बोलावून एकच गोष्ट मागितली: मला तुमच्या बाबांशेजारी ठेवा. मामंजी होते चर्चच्या टेकडीवर. आणि टेकडीवर बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच जागा. युद्धात गावात उत्तरेतले निर्वासित वाढले, माणसं भराभर मरू लागली, तेव्हा केलेला हा नियम. कागदावर उतरवला होता तो दोग्यू भावजींनीच, स्वतःच्या अक्षरात. मामंजींनी मरण्याआधी चार वर्षं बाप्तिस्मा घेतला होता. सासूबाईंनी नाही.

"गुरुवारी मा पाळक येणार आहेत," यजमान म्हणाले. मा हे त्या पाळकांचं आडनाव. "आईला प्रश्न विचारतील. बरोबर उत्तरं दिली की पाणी शिंपडायचं."

मला वाटलं, आता वन्सं भडकणार. त्यांच्या सासरी सगळे पूर्वजांच्या नावानं ताटं मांडणारे. चर्चचं नाव काढलं की त्या थुंकायच्या. पण त्या कोबीच्या पानापानाला तिखट लावत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग शिंपडा की. गुरुवारची वाट कशाला बघता? आज बोलवा."

जाऊबाईंचे हात थांबले.

"अशा काय बघता, वहिनी? चाळीस वर्षं आईनं त्या माणसाचे कपडे धुतले. तिला त्याच्याशेजारी झोपायचंय. वाटीभर पाण्यानं होत असेल तर घागरभर ओता."

"पाण्यानं होत नाही ते, वन्सं. आधी विश्वास हवा."

"आई देव मानत नाही? तुम्ही या घरात यायच्या आधीपासून पहाटे उठून विहिरीचं पहिलं पाणी वाटीत ठेवून प्रार्थनेला हात चोळत उभी राहायची. दादा तुरुंगात होता तेव्हा बर्फात उभी राहायची. तेव्हा तुमचे पाळक गोधडीत होते."

"देव मानणं वेगळं," जाऊबाई म्हणाल्या. "देव काय, सगळं गावच मानतं."

"मग तुमचं निराळं काय आहे?"

जाऊबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. तिखटानं लाल झालेले हात गुडघ्यांवर ठेवून त्या बोलू लागल्या.

"माझं लग्न ठरलं तेव्हा या क्वोनांच्या घरातला थोरला मुलगा जगात आहे, एवढं मला माहीत होतं. उंच आहे म्हणत होते, शिकलेला आहे म्हणत होते. ते सगळं मला मान्यच होतं. पण म्हणून माझं लग्न झालं नव्हतं. एक दिवस उठून डोलीत बसावं लागलं. आईचं घर मागे टाकून, तोंड न बघितलेल्या माणसाच्या भरवशावर. तेवढंच निराळं."

"आणि बसून काय मिळालं? दोन वर्षांत नवरा तुरुंगात."

"डोलीत बसताना हे कोणी विचारतं का, वन्सं?"

"म्हणजे मी अजून डोलीबाहेर," यजमान टोपली आपटत म्हणाले. "देव आहे, हे मला पटतं. आमची ओळख नाही इतकंच."

वन्सं हसल्या. सात वर्षांत माहेरी पहिल्यांदा हसल्या असतील. जाऊबाई हसल्या नाहीत. पण त्या दिवशी नवल असं झालं की चर्चची सगळ्यांत कट्टर बाई आणि चर्चची सगळ्यांत मोठी वैरीण एकाच परातीवर वाकून एकच गोष्ट इच्छीत होत्या: गुरुवारी सासूबाईंनी बरोबर उत्तरं द्यावीत.

ते काम माझ्यावर आलं. जाऊबाई शिकवायला बसल्या की सासूबाईंना झोप लागायची. खरी की खोटी, त्या दोघींनाच ठाऊक. मी धाकटी सून, दोनच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली. प्रश्नोत्तरं मला अजून तोंडपाठ होती.

खोलीत चुलीच्या बाजूचा, जमिनीतून ऊब येणारा कोपरा त्यांचा. हातांचं तिखट धुऊन मी शेजारी बसले.

"आई, पाळक विचारतील, तुमचा हानानिमवर विश्वास आहे का. तुम्ही म्हणायचं, आहे."

"हानुनिमवर आहेच."

"हानानिम, आई."

"मी काय म्हणाले?"

"हानुनिम."

आमच्या बोलीत हानुल म्हणजे आभाळ आणि हाना म्हणजे एक. चर्च यायच्या कितीतरी आधीपासून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हानुनिम असायचा, आभाळातला तो. दुष्काळात त्याला हाक मारायची, पोर आजारी पडलं की मारायची. चर्चमध्ये हानानिम म्हणत, जो एकच आहे तो. मधला एक स्वर काय तो बदलतो. मी लहानपणापासून चर्चचाच शब्द ऐकलेला, त्यामुळे मला त्यात काही अवघड वाटलं नाही.

"एवढ्याशा फरकानं त्याला कळत नसेल, मी कोणाला हाक मारते ते?" सासूबाई म्हणाल्या.

"त्याला कळेल, आई. पाळकांना कळायला हवं."

हे मात्र त्यांना पटलं. हसून त्यांनी ओठ ओले केले आणि म्हणाल्या, "हा-ना-निम."

तीन दिवस मी त्यांना शिकवलं. येशू कोण? देवाचा एकुलता एक पुत्र. तो कोणासाठी मेला? माझ्या पापांसाठी. तुमचं तारण कशानं होतं? माझ्या चांगल्या कामांनी नव्हे, त्याच्या कृपेनं. त्या थकायच्या, डोळे मिटायच्या, मला वाटे झोपल्या. मग मिटल्या डोळ्यांनीच पुढचं उत्तर म्हणायच्या. एकदाही त्यांनी विचारलं नाही की याचा अर्थ काय. मीही सांगितला नाही. बुधवारी संध्याकाळी सगळी उत्तरं बिनचूक आली तेव्हा मी त्यांचा हात हातात घेऊन रडले. मला वाटलं, मी या घरासाठी काहीतरी मोठं केलं.

"आता त्यांच्याशेजारी झोपता येईल ना?" त्यांनी विचारलं.

"येईल, आई."

गुरुवारी सकाळी दोग्यू भावजी पाळकांना आणायला गेले. चर्च दोन मैलांवर, वाट ओढ्याकाठून. त्या वाटेवर त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, म्हणून मी ते इथे लिहू शकते.

ते सुखात होते. गेली बावीस वर्षं त्यांनी रोज आईसाठी प्रार्थना केली होती, नाव घेऊन. चर्चच्या वडिलाची आईच अजून बाहेरची, हे गावात कोणी तोंडावर म्हणायचं नाही, पण त्यांना ते पाठीवर जाणवायचं. लाज तर होतीच, पण भीती तिच्याहून मोठी. आपण जिथे जाणार तिथे आई नसेल, या विचारानं ते कधी कधी जेवताजेवता थांबत.

बावीस वर्षं कशावरून, तर तुरुंगात गेल्यापासून. जपान्यांनी तालुक्याच्या टेकडीवर आपलं देऊळ बांधलं आणि फर्मान काढलं की सगळ्यांनी त्यापुढे वाकायचं. पूजा नाही, नुसता रिवाज आहे, असं सांगत. चर्चच्या पुष्कळ लोकांनी तेच ऐकलं आणि वाकले. भावजींनी नकार दिला. आठ महिने आत होते. उजव्या हाताच्या तीन बोटांना पुन्हा नखं आली नाहीत. सासूबाई रोज सात मैल चालून पेज घेऊन जायच्या, आणि रोज गजांपलीकडून एकच सांगायच्या: बाळा, मान वाकव. मनात काय ठेवायचंय ते ठेव, पण मान तेवढी वाकव. पण ते वाकले नाहीत.

त्याच काळात धान्याच्या रांगेत उभं राहायचं तर सम्राटाच्या प्रजेची शपथ जपानी भाषेत म्हणून दाखवावी लागे. सासूबाईंना जपानीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी ती पाठ केली. शिपायापुढे उभ्या राहून, डोळे समोरच्या भिंतीवर लावून, एकेक अक्षर जपून खाली ठेवल्यासारखं म्हणायच्या आणि तांदूळ घेऊन यायच्या. सुटल्यावर भावजींनी एकदा रांगेत त्यांच्या मागे उभं राहून ते ऐकलं होतं.

मा पाळक मऊ स्वभावाचा माणूस. उत्तरेतून पळून आलेला, बायको वाटेत गेलेली. खोलीत शिरताना त्यांनी वन्संनाही नमस्कार केला, वन्संनी तोंड फिरवलं नाही. सासूबाईंना उशांना टेकवून बसवलं होतं, केस मी विंचरले होते. जाऊबाई पायांशी, यजमान उंबऱ्यावर, मी पितळी पातेलं घेऊन दाराशी. आमच्याकडे रीत अशी की पाळकांनी प्रश्न विचारायचे आणि चर्चच्या वडिलांपैकी एकानं साक्ष द्यायची की या माणसाचा विश्वास खरा आहे. बाकीचे वडील म्हणाले होते, तुमचीच आई, तुम्हांला कळणार नाही तर कोणाला.

"आजी, तुमचा हानानिमवर विश्वास आहे?"

सासूबाईंनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"हानानिमवर माझा विश्वास आहे."

एकही उत्तर चुकलं नाही. कृपा, पाप, पुत्र, पुनरुत्थान. जाऊबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. वन्सं ओठ हलवत होत्या, जणू परीक्षेला पोर बसलंय. मी मनातल्या मनात पुढचं वाक्य सांगत होते आणि ते सासूबाईंच्या तोंडून येत होतं.

"बरेच जण अडखळतात," पाळक हसून म्हणाले. "आजी अडखळल्या नाहीत. क्वोन वडील, तुमची साक्ष?"

भावजी आईकडे बघत होते.

"क्वोन वडील?"

"आई," भावजी म्हणाले, "तू हानानिम म्हणालीस."

"तसंच म्हणायचं असतं ना?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "चुकलं का ग?"

"नाही, आई," मी म्हणाले.

"चुकलं नाही," भावजी म्हणाले. "तो तुझ्यासाठी मेला, असं तू म्हणालीस. तुला तसं वाटतं?"

"दादा!" वन्सं म्हणाल्या. "झालं ना सगळं? आता नवीन प्रश्न कुठून काढलास?"

"मला तुझ्या बाबांशेजारी झोपायचंय," सासूबाई म्हणाल्या.

"ते माहीत आहे, आई."

"मग कशाला विचारतोस?"

पाळक पुढे सरकले. त्यांनी आवाज खाली आणला. "क्वोन वडील, विश्वास एका दिवसात पुरा होत नाही. माझाही नव्हता झाला. एवढंसं काही असलं तरी देव ते वाढवतो. साक्ष द्या."

"एवढंसं असेल तर देतो," भावजी म्हणाले. "आई, असेल तर सांग. एवढंसं."

खोलीत चुलीचं लाकूड तडकल्याचा आवाज जमिनीखालून आला. सासूबाईंनी भिंतीवरची नजर काढली आणि मुलाकडे वळवली. ते तीन दिवस मी त्यांचा जो आवाज ऐकत होते तो गेला आणि त्यांचा स्वतःचा आला, जरा चिडका.

"तो आहे, हे मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. ते मला कोणी शिकवायला नको. पण त्याच्या हातात आपणहून काही द्यावं, असं मला कधी वाटलं नाही. तीन पोरं मी दिली नव्हती, तरी त्यानं नेली. मी त्याला हाक मारते ती त्यानं उरलेल्यांकडे बघू नये म्हणून. आणि तुझा येशू... त्याचं मला वाईट वाटतं रे. तरुण पोर होतं. त्याच्या आईचं जास्त वाटतं. पण तो माझ्यासाठी मेला, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? मी कुठं त्याला मर म्हणाले होते?"

पाळकांनी डोळे मिटले.

"पण मी म्हणते," सासूबाई पुढे म्हणाल्या. "म्हणायला काय जातं? म्हणाले ना आत्ता? पाणी आण ग, धाकटे."

मी उठले. भावजींनी नखं नसलेला हात वर केला.

"मी साक्ष देऊ शकत नाही," ते म्हणाले.

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, काय बोलताय? बावीस वर्षं तुम्हीच..."

"शिपायापुढे उभी राहिल्यासारखी बोलतेय ती. तो शिपाई आता मी आहे. मला नाही जमणार."

"जमणार नाही?" वन्संचा आवाज चिरकला. "तुझ्या जमण्या न जमण्याचं काय घेऊन बसलास? तिची जागा आहे ती! पाळक द्यायला तयार आहेत, बायको तयार आहे, मी, मी तयार आहे दादा, आणि तुला जमत नाही?"

सासूबाईंनी हात जरा उचलला.

"आठ महिने मी तुला वाक म्हणत होते," त्या भावजींना म्हणाल्या.

"हो, आई."

"वाकला नाहीस. आता मी वाकते म्हणते, तर तू वाकू देत नाहीस."

भावजींचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

"मग मी तिकडे एकटीच झोपू का?"

भावजी उठले. जमिनीवर पूर्ण वाकले, कपाळ टेकलं. जिवंत आईबापांपुढे वाकायला आमच्या चर्चची मनाई नव्हती.

"लोटांगण कसलं घालतोस?" वन्सं रडत ओरडल्या. "साक्ष दे!"

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

मी पातेलं बाहेर नेलं आणि पाणी कुठे टाकायचं ते न सुचून अंगणाच्या कडेला ओतलं. मी इतकं चांगलं शिकवलं नसतं, त्या अडखळल्या असत्या, आपल्या सवयीनं हानुनिम म्हणून गेल्या असत्या, तर भावजींनी कदाचित तो बोलण्याचा ढंग समजून सोडून दिला असता. हे मी आजवर कोणाला बोलून दाखवलेलं नाही.

शनिवारी दुपारी किमचीचा शेवटचा रांजण आम्ही जमिनीत पुरत होतो, तेव्हा वन्संनी आतून हाक मारली. आम्ही पोहोचेपर्यंत सासूबाई गेल्या होत्या. त्या दोन दिवसांत त्या भावजींशी बोलल्या नव्हत्या. रागावल्या होत्या असंही म्हणता येणार नाही; पेज भरवायला आले की तोंड उघडायच्या.

आमच्या सोयाबीनच्या शेताच्या वरच्या कडेला त्यांना ठेवायचं ठरलं. तिथून चर्चची टेकडी दिसत नाही. जमीन वरवर गोठली होती. भावजींनी खड्डा स्वतः खणला, यजमानांनाही हात लावू दिला नाही. मा पाळक आले. झगा घातला नव्हता, बाजूला उभे राहिले. वन्सं आणि त्यांच्या सासरची माणसं तागाचे सुतकाचे कपडे घालून आली आणि ओळीनं वाकली. भावजी स्वतः वाकले नाहीत, पण या खेपेला त्यांनी कोणाचा दंडही धरला नाही.

परतताना जाऊबाई त्यांच्या दहा पावलं मागून चालत होत्या. घरी येऊन चूल पेटवताना, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मला म्हणाल्या, "दारापर्यंत आणलेल्या बाईला ह्यांनी परत पाठवलं."

भावजी आतून म्हणाले, "दार माझं नव्हतं."

"मग अडवलंत कशाला?"

त्या दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. ज्या बाईनं तुरुंगाचे महिने एका शब्दानं कुरकुर न करता काढले, तिला ही एक गोष्ट क्षमा करता आली नाही. तिच्या बाजूनं बघितलं तर सासू कायमची गेली होती, आणि नवऱ्याच्या एका होकारानं वाचली असती. वन्संनी माहेर पुन्हा सोडलं. त्या परातीवरची एकी पंधरा दिवसही टिकली नाही. वन्सं म्हणायच्या वहिनीच्या देवानं केलं, जाऊबाई म्हणायच्या वन्संच्या भावानं केलं. वन्सं निघून जाईपर्यंत मी दोघींच्या मध्ये चुलीपाशी बसून असायची.

भावजी चर्चला जात राहिले, पुढल्या बाकावर बसत राहिले. पण प्रार्थना करायला उठवलं की पूर्वीसारखी लांबलचक होत नसे. दोन-चार वाक्यांत थांबायचे, आणि पुढे काय म्हणायचं ते विसरल्यासारखे उभे राहायचे.

एक वसंत गेला. दुसऱ्या वसंतात, ज्या दिवशी आमच्याकडे चुली न पेटवता गार अन्न खातात आणि कबरींची डागडुजी करतात, त्याच्या आधीच्या रविवारी भावजींनी चर्चमध्ये सांगितलं की मी माझ्या वडिलांना टेकडीवरून हलवतोय. पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. लोक दूरच्या जुन्या कबरी टेकडीवर आणत. टेकडीवरून बाहेर आजवर कोणी कोणाला नेलं नव्हतं. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला बाहेरच्यांत नेऊन ठेवायचं, आणि तेही चर्चच्याच एका वडिलानं? मा पाळकांनी समजावलं. बाकीच्या वडिलांनी समजावलं नाही, राजीनाम्याचा कागद पुढे केला. भावजींनी त्यावर सही केली आणि त्या दिवसापासून ते चर्चमध्ये साधे माणूस झाले. मागच्या बाकावर बसू लागले.

जाऊबाई त्या दिवशी घराबाहेर आल्या नाहीत. मी, यजमान आणि भावजी गेलो. वन्संना निरोप धाडला होता. येतील असं वाटलं नव्हतं, पण टेकडीच्या पायथ्याशी उभ्या होत्या, हातात तागाचं नवं कापड. कोणाशी बोलल्या नाहीत. मामंजींची हाडं निघाली ती पिवळी, स्वच्छ. वन्संनी एकेक पुसून कागदात गुंडाळलं. भावजींनी पेटी पाठीला बांधली.

वाटेत ओढ्यापाशी दम खायला थांबलो. यजमान आणि वन्सं पुढे गेले होते. मी विचारलं. दोन हिवाळे तो प्रश्न माझ्या घशात होता.

"भावजी, आई कुठे असतील हो?"

पूर्वी कोणी असं विचारलं तर ते वचनासकट सांगायचे. कोण कुठे आहे, का आहे. गावातल्या प्रत्येक मेलेल्याचा पत्ता त्यांना ठाऊक असायचा.

"मला माहीत नाही, धाकटे."

"मग तुम्हांला भीती नाही वाटत?"

"वाटते की." त्यांनी पेटीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "ती त्याच्याकडे आहे. त्याच्यापुढे तिच्या नावानं मी खोटं बोललो नाही, एवढंच माझ्याकडून झालं. पुढचं त्यानं करायचं. पूर्वी मी त्याला सगळं नीट सांगायचो ना, काय करायचं ते. आता सांगत नाही. आता नुसता त्याच्यावर सोडून बसतो. फार जड जातं."

शेताच्या कडेला पोहोचलो. यजमानांनी कुदळ उचलली आणि थांबले. "दादा, आईला मध्येच ठेवलंय ना? बाजूला खणायला जागा कुठे आहे, पुढे तर खडक."

"मध्ये नाही," भावजी म्हणाले. "तिच्या डाव्या हाताला मोजून बघ."

मोजलं. सासूबाईंची कबर कडेला सरकलेली होती. डावीकडे एका माणसाची जागा मोकळी, मऊ मातीची, दगड काढून टाकलेली. तेव्हा त्यांनी कोणाला हात का लावू दिला नाही, ते आत्ता कळलं. आम्हांला वाटलं होतं, खडक लागला म्हणून खड्डा तिरका गेला.

वन्संनी ती जागा बघितली आणि त्या गुरुवारनंतर भावाशी पहिलं वाक्य बोलल्या.

"हे तू तेव्हाच ठरवलं होतंस?"

"खणताना ठरवलं."

"ती गेल्यावर."

"हो."

"दोन दिवस आधी सुचलं असतं, दादा, तर तिच्या कानात सांगता आलं असतं. ती एकटीच झोपायचं म्हणून गेली."

"हो," भावजी म्हणाले. "एकटीच झोपायचं म्हणून गेली."

पेटी खाली उतरवल्यावर यजमानांनी फावड्याला हात घातला, तर वन्संनी तो बाजूला सारला आणि भावाच्या समोर उभ्या राहून, एक फावडं त्यांचं, एक आपलं, अशी दोघांनी मिळून माती लोटली.